थोरल्याच्या गावापासून धाकटीच्या काचेपर्यंत

४ मार्च, मंगळवार

सासूने सांगितलं म्हणून लिहितोय, असं आधी लिहा जावईबापू. म्हणजे पुढे काही वेडंवाकडं निघालं तर तुमच्या माथी नको.

ही धाकटीची आज्ञा. ती काचेच्या आत, आम्ही बाहेर, मध्ये एक फोन. त्या फोनवर म्हणाली, तुम्ही दोघं त्या भाड्याच्या खोलीत एकमेकांची तोंडं बघत बसाल आणि तिसऱ्या दिवशी भांडाल. त्यापेक्षा आई, तू बोल, आणि अहो, तुम्ही लिहा. तिला अक्षर येत नाही, तुम्हाला बोलता येत नाही, दोघांचं मिळून एक धड माणूस होईल. लेक माझीच, पण जीभ बघा. कुणावर गेली कोण जाणे!

खोली हॉस्पिटलसमोर, लाँड्रीच्या वर. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ येते, भिंतीला हात लावला तर माणसाला ताप असल्यासारखी लागते. दोन खाटा. मध्ये दोरीवर चादर — ती सासू-जावयाची अब्रू. चादर जावईबापूंनी टांगली, आणि माझ्या बाजूला खिडकी ठेवली. तेवढं कळतं त्यांना.

आता मुद्द्याचं. धाकटीच्या हाडांत जिथे रक्त तयार होतं तिथेच बिघडलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधं घालून ते सगळं जाळायचं. मग त्या रिकाम्या जागेत दुसऱ्याच्या हाडांतलं बी घालायचं. कुणाकुणाचं रक्त तपासलं. माझं जुळलं नाही. पोटात वाढवली मी, पण जुळलं ते भावाचं. म्हणजे माझ्या थोरल्याचं. चला, एवढ्या वर्षांत भावाचं बहिणीशी काहीतरी जुळलं. लहानपणी खिडकीपाशी कुणी झोपायचं यावरून डोकी फोडायचे.

जाळायला आजपासून सुरुवात. एकदा जाळलं की मागे फिरता येत नाही, असं बाईंनी दोनदा सांगितलं. बी वेळेवर आलं नाही तर आत काहीच उरत नाही.

आणि ते बी आहे समुद्रापलीकडे, थोरल्याच्या अंगात.

५ मार्च

विचारलं, किती लांब हो त्याचं गाव? जावईबापूंनी मोबाइलवर नकाशा काढला. इथे एक टिकली, तिथे एक टिकली, मधे रेघ. आठ हजार किलोमीटरला थोडं कमी, म्हणाले. रेघ वाकडी होती, वर फुगलेली. म्हटलं, विमानवाला प्यायलेला आहे का? सरळ का नाही जात?

मग हा माणूस उठला, पिशवीतलं मोसंबं काढलं, माझ्या शिवणाच्या डबीतला दोरा घेतला आणि मोसंब्यावर ताणून दाखवला. गोल वस्तूवर दोरा ताणला की तो आपली आपण अशी वाट धरतो, आणि तीच सगळ्यात जवळची. कागदावर उलगडली की वाकडी दिसते. हे मला लगेच पटलं. जन्मभर कारखान्यात गोण्या शिवल्या, भरल्या गोणीवर दोरा कसा बसतो ते मला कुणी शिकवायला नको.

मग म्हटलं, तर तास किती?

तिथे गाडी अडली. जावईबापू बसडेपोत कंट्रोलर. कुठली गाडी कधी सोडायची, कुठे किती थांबवायची, हा त्यांचा धंदा. त्यामुळे त्यांना साधं उत्तर देताच येत नाही. उडायचा वेळ अकरा तास. पण सरळ विमान नाही, मधे उतरून दुसरं धरायचं. तिथे बसायचे चार-पाच. आधी तिथल्या हॉस्पिटलातून विमानतळ, नंतर इथल्या विमानतळावरून इथलं हॉस्पिटल. गाडीला धावायला फार वेळ लागत नाही आई, म्हणाले, थांबायला लागतो.

एवढं मोठं वाक्य लग्नापासून पहिल्यांदा ऐकलं. मोसंबं मग मी सोलून खाल्लं. त्यांना अर्धं दिलं.

६ मार्च

थोरल्याचा फोन. चेहरा दिसणारा. रोज सकाळी पोटात एक इंजेक्शन टोचतात, त्याने बी हाडांतून रक्तात उतरतं. मग यंत्राला लावून ते गाळून घेतात. अंग मोडून येतं म्हणाला, बाकी काही नाही. फरशी बसवायचं काम करतो तो. दिवसभर गुडघ्यांवर. गुडघे तर आधीच मोडलेत, म्हटलं, आता अंगही मोडू दे, जोडी जमेल.

हसला. दाढीत पांढरं आलंय. गेला तेव्हा दाढी काळी होती आणि दोन वर्षांत येतो म्हणाला होता. त्याला अकरा वर्षं झाली. अकरा तासांची वाट आणि अकरा वर्षांत एकदा आला नाही. बापाच्या वेळीही नाही. विचारलं की रजा नाही, काम अडलंय, पुढच्या वर्षी बघतो. आता तर विचारणंही सोडलं, नुसते टोमणे मारते. ते स्वस्त पडतात आणि लांब जातात.

म्हटलं, बी घेऊन तूच का येत नाहीस? तर म्हणे, ते पेटीतून येतं आई, त्याला माणूस नेमलेला असतो.

मागे सून दिसली. ती तिकडचीच. तिला माझं कळत नाही, मला तिचं कळत नाही, म्हणून आमचं भांडण कधी झालेलं नाही. आम्ही मान हलवतो. मग भिंगरी आली. माझी नात, सहा वर्षांची, एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून हे नाव मी ठेवलं. बापाच्या मानेवर चढली आणि मला म्हणाली, आजी, बाबाला सुई लागली, मी फुंकर घातली.

बोबडं बोलते, पण मराठी बोलते. तेवढं एक काम थोरल्याने नीट केलंय.

८ मार्च

धाकटीचे केस गेले. फोनवर म्हटलं, जन्मलीस तेव्हा अश्शीच होतीस, फक्त तेव्हा रडत होतीस. ती म्हणाली, तेव्हा तू रडत नव्हतीस.

शहाणी.

१० मार्च

पेटी निघाली.

पेटी आणणारी एक बाई आहे. शाळेत मुलांना खेळ शिकवायची, आता निवृत्त. हे काम हौसेने करते म्हणे. लोक हौसेने काय काय करतात! पेटीला तिच्या शेजारी वेगळी जागा, पट्टा बांधून. सामानात टाकायची नाही, यंत्रातून काढायची नाही, नजरेआड करायची नाही.

म्हणजे बघा. माझ्या पोराला विमानात बसायला सवड नाही, आणि त्याच्या रक्ताला खिडकीची जागा.

धाकटीचं आतलं सगळं जळून झालं. आज बोलली नाही. हात वर केला फक्त. उद्या या वेळेला पेटी आपल्या दारात, असं जावईबापूंनी हिशोब करून सांगितलं. नंतर हळूच म्हणाले, वेळेत असली तर.

११ मार्च

मधल्या विमानतळावर बर्फ पडतंय. एकही विमान उडत नाही.

पेटी तिथे. पेटीवाली तिथे. आम्ही इथे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थंडाव्यात आहे, थोडा वेळ टिकतं. थोडा म्हणजे किती, ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, जितकं लवकर तितकं बरं. शिकलेल्या माणसांना नाही म्हणायला किती शब्द लागतात.

जावईबापूंनी डेपोत फोन लावला. बसडेपोत! तिथले लोक बर्फाचं काय करणार? पण काहीतरी अडलं की तिथे फोन लावायची त्यांच्या हाताला सवय. पलीकडच्याने विचारलं असेल, कोणती गाडी? हे काही न बोलता ठेवून आले.

१२ मार्च

अजून बर्फ.

काचेपाशी उभी राहिले. धाकटी झोपलेली. मला पहिल्यांदा वाटलं, आपण चुकीच्या काचेसमोर उभे आहोत, ही आपली नव्हे. मग तिने झोपेत नाक खाजवलं. आपलीच.

१३ मार्च

आली. दुपारी आली.

पेटीवाली बाई माझ्याच वयाची निघाली, पण बूट खेळाचे. दीड दिवस विमानतळाच्या फरशीवर बसून होती. पेटी मांडीवर. संडासात जाताना सुद्धा पेटी बरोबर नेली, असं तिने जावईबापूंना सांगितलं आणि त्यांनी मला सांगताना कान लाल करून घेतले. तपासणीवाला म्हणाला, यंत्रातून काढा. ही म्हणाली, मग आधी मला काढा. आवडली मला.

मी विचारायला लावलं, माझा मुलगा कसा दिसतो? तब्येतीने कसा आहे? तर ती म्हणाली, मी त्याला बघितलंच नाही. तसा नियमच आहे. खिडकीतून पेटी घ्यायची, सही करायची, निघायचं.

म्हणजे ही बाई त्याच्या इतक्या जवळून आली, आणि तिलाही तो दिसला नाही. मी पेटीवर हात ठेवला. निळी, साधी, सहलीला पाणी न्यायची असते तशी. सिस्टर ओरडली. ओरडू दे.

पिशवीत थोडंसं लालसर पाणी. तेवढंच. अर्ध्या तासात नळीतून धाकटीच्या अंगात गेलं. मला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल.

डॉक्टरीणबाई जाताना म्हणाल्या, वाटेत बरंच मेलंय. उरलंय त्यावर बघू.

१८ मार्च

ताप. जेवण नाही. घशात फोड, फोनवर नुसता श्वास ऐकू येतो. मी माझं बोलत राहते. लाँड्रीवाल्याने कुणाच्या तरी कोटाला भोक पाडलं, तो गिऱ्हाइकाला म्हणतो आधीपासून होतं. हे सांगितलं. पलीकडे श्वास थोडा हसल्यासारखा झाला.

२१ मार्च

रोज रक्त काढतात आणि आकडा सांगतात. शून्याच्या पुढे काही नाही. मला आकडे लिहिता येत नाहीत, पण शून्य ओळखते आता. भाकड गोल.

२४ मार्च

शेजारच्या काचेतले मास्तर. त्यांची खोली आज धुतली.

२५ मार्च

कालचं एवढंच का, असं जावईबापूंनी विचारलं. एवढंच. मास्तरांची बायको जाताना माझ्या हातात बिस्किटांचा पुडा देऊन गेली. उघडायचं होत नाही आणि टाकायचंही होत नाही. शेवटी जावईबापूंनी सिस्टरना नेऊन दिला.

१ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच ओळखलं.

बी रुजलं नाही. वाटेत मेलं ते मेलंच, उरलेल्यात जोर नव्हता. पुन्हा घालावं लागेल. भावाकडून पुन्हा घ्यावं लागेल, आणि लवकर. यापेक्षा जास्त दिवस असं रिकामं राहता येत नाही. एखादा साधा सर्दी-खोकला तिला घेऊन जाईल.

खोलीवर येऊन थोरल्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकलं. म्हणाला, पुन्हा पेटी पाठवतो, उद्याच सुया सुरू करतो. म्हटलं, आणि पुन्हा कुठे बर्फ पडलं तर? मग माझी जीभ सुटली. लिहा, सगळं लिहा, गाळू नका. मी म्हटलं:

"तुझ्या रक्ताला यायला रजा मिळते, तुला मिळत नाही? ते बिचारं मधे थांबलं, कुडकुडलं, अर्धं मेलं, तरी आलं. तू मात्र धडधाकट असून तिकडे फरशा मोजतोयस. बहीण गेली की ये. तेव्हा मिळेल ना रजा?"

जावईबापूंनी हात पुढे केला, फोन मागितला. मी दिला नाही. जावयाने सासूच्या हातातलं काही ओढायचं नसतं, हे त्यांना ठाऊक, म्हणून हात तसाच हवेत राहिला.

मागे भिंगरी काहीतरी गुणगुणत होती. मग थोरला म्हणाला, "आई, मी आलो तर शिव्या द्यायच्या थांबशील?"

म्हटलं, मग तुला जेवण गोड कसं लागेल?

हसला. खरंच हसला. फोन ठेवला.

२ एप्रिल

जावईबापू बोलत नाहीत. तसे कधीच बोलत नाहीत, पण आजचं न बोलणं वेगळं. चहा आणून ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. विचारलं, राग आलाय का? तर म्हणाले, आई, प्रत्येक गाडी उशिरा येण्यामागे कंट्रोलरला ठाऊक असलेलं एक कारण असतं, प्रवाशाला ठाऊक नसतं.

म्हटलं, मेहुण्याची बाजू घेताय. घ्या. तुमच्यासारखे दोन मुके एकत्र आले की मला कोण पुरणार?

३ एप्रिल

थोरल्याचा फोन बंद.

४ एप्रिल

अजून बंद. सुनेला लावला. तिने उचलला, मान हलवली, आणि मान हलवता हलवता रडायला लागली. काय म्हणाली कळलं नाही. भिंगरी शाळेत. जावईबापूंना म्हटलं, तुम्ही बोला तिच्याशी. ते फोन घेऊन जिन्यात गेले. परत आले तेव्हा म्हणाले, काही काळजी नाही, तो वाटेत आहे.

कुठल्या वाटेत?

विमानात, म्हणाले.

मी खाटेवर बसले. मग उठून साडी बदलली. मग परत बसले. येणार उद्या, आणि मी आज साडी बदलून बसले, हे लिहायची काही गरज नव्हती.

५ एप्रिल

आला.

लाँड्रीच्या जिन्यावर पावलं वाजली ती मला ओळखू आली नाहीत. पाऊल जड झालंय. दारात उभा राहिला तर दार भरलं. हातात एकच पिशवी, शाळेतल्या पोराच्या दप्तराएवढी. मी म्हटलं, अकरा वर्षांनी येतोस आणि एवढंसं सामान? आईला काय आणलंस?

तो म्हणाला, "पेटीत ते शिळं होतं आई. माझ्या अंगात होत नाही. म्हणून मीच आलो."

मग मला धरलं. माझं डोकं त्याच्या छातीपर्यंत पोचतं फक्त. आधी गळ्यापर्यंत पोचायचं. तो वाढला की मी आटले, कोण जाणे. त्याच्या शर्टाला सिमेंटचा वास. रडले नाही. थोडं. लिहू नका ते. लिहिलंत का? बरं, राहू द्या.

६ एप्रिल

काचेपाशी दोघं. तो बाहेर, ती आत. धाकटीने फोन उचलला. घसा फाटलेला, कसंबसं म्हणाली, "खिडकीपाशी मी झोपणार."

त्याने काचेला कपाळ टेकलं. कपाळाचा डाग काचेवर राहिला. सिस्टरने नंतर पुसला.

वाटेत कुठे थांबावं लागलं का, असं मी त्याला विचारलं. म्हणाला, सुटतानाच थोडा वेळ बसवून ठेवलं होतं. बाकी प्रवास ठीक. विमानात काय खायला देतात ते बराच वेळ सांगत बसला. जावईबापू ऐकताना खाली बघत होते.

१२ एप्रिल

आज पेटी नाही, विमान नाही. थोरला खालच्या मजल्यावर यंत्राला, धाकटी वरच्या मजल्यावर. एका सिस्टरने पिशवी उचलली, जिना चढली, आणि झालं. मी तिच्या मागून चढत होते, मला धाप लागली, तिला नाही.

आठ हजार किलोमीटर, आणि शेवटी एक जिना.

२० एप्रिल

शून्य.

थोरला सकाळी उठून पहिल्यांदा मोबाइल बघतो. तिकडे भिंगरी झोपायला गेलेली असते, कधी उठून शाळेत निघालेली असते, कधीच वेळ जमत नाही. मग तिने पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकतो. एकदा ऐकून ठेवत नाही, ऐकतच राहतो. म्हटलं, इतका जीव कासावीस होतोय तर लवकर आटप आणि जा. तो म्हणाला, हं.

२५ एप्रिल

सकाळी सिस्टर स्वतः खोलीवर आली, जिने चढून. म्हणाली, आकडा आला. अगदी लहान आहे, पण शून्य नाही.

जावईबापूंनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. मग डेपोत फोन लावला! आणि या वेळी बोलले. पलीकडच्याला म्हणाले, आली. एवढंच, आली.

२९ एप्रिल

आकडा चढतोय. बी धरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता हिचा रक्तगटही भावाचा होईल. म्हणजे तिच्या अंगात आता त्याचंच रक्त. धाकटी म्हणाली, आई, आता मला फरशी बसवता येईल का? म्हटलं, रजा मात्र तुलाही मिळायची नाही.

थोरला हसला नाही. मी म्हटलं तोंड वाकडं करू नकोस, रक्त परत मागता येत नाही.

२ मे

धाकटी काचेबाहेर आली. चाकाच्या खुर्चीत, तोंडाला मास्क. तिचा हात हातात घेतला. हाडं नुसती, पण गरम. लाँड्रीच्या भिंतीसारखी गरम नव्हे, माणसासारखी.

मी देवाला काही बोलले नाही. उगाच त्याला वाटायचं, हिचं सगळं फिटलं.

३ मे

थोरल्याला रिकामं बसवत नाही. खाली लाँड्रीत उखडलेल्या फरशा होत्या, त्या बसवायला घेतल्या. गुडघ्यांवर बसून, कानामागे पेन्सिल. मी जिन्यात बसून बघितलं. एक एक फरशी ठोकून ऐकतो, आवाज पोकळ आला की काढतो. लाँड्रीवाल्याने विचारलं, इथेच राहणार का? मला कायमचा माणूस हवाय.

मी मधेच म्हटलं, छे! तिकडे बायको वाट बघतेय, पोर वाट बघतेय. बहिणीचं काम झालं, आता हा पुढच्या आठवड्यात उडणार. हो की नाही रे? सुटणार कधी? आता विमान धरायला उशीर केलास तर सून मला शिव्या देईल, आणि त्या मला कळायच्याही नाहीत.

त्याने फरशी ठोकली. ऐकली. म्हणाला, बघतो.

त्याचं ते बघतो मला इतक्या वर्षांनी ऐकायला बरं वाटलं. मूर्ख म्हातारी.

५ मे

आज जावईबापूंनी सांगितलं. लिहायचं थांबवून सांगितलं, मग म्हणाले, आता लिहू का. लिहा.

थोरल्याची तिथे राहायची मुदत दोनच वर्षांची होती. ती केव्हाच संपलेली. तिथे आहे तोवर आहे. एकदा बाहेर पडला की दहा वर्षं त्या देशात पाऊल टाकता येत नाही. म्हणून बापाच्या वेळी आला नाही. जावईबापूंना पहिल्या दिवसापासून ठाऊक. आईला सांगू नका, नाहीतर ती मला टोमणे मारायची थांबेल आणि रडायला लागेल, असं तो त्यांना म्हणाला होता. भिंगरी सहा वर्षांची आहे. सुनेची आंधळी आई तिथे आहे, सून तिला टाकून इकडे यायची नाही.

हे सांगून होतंय तोच भिंगरीचा फोन आला. थोरला खाली होता, मी उचलला. ती म्हणाली, आजी, मला आता घड्याळ येतं. बाबा विमानात बसला की मला सांग, मी बघत बसेन.

मी हो म्हणाले.